द्वारपालाची साडेतीन पानं

बुद्धरत्न तांबे मला नीटसा माहीत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. चौदा वर्षं आम्ही महाडच्या कोर्टात एकाच छपराखाली काम केलं. मी नकला विभागात कारकून, तो पट्टेवाला. पण त्याला भावंडं किती, त्याचं लग्न कधी झालं, त्याला चहा गोड लागे की कमी गोड, यातलं काही मला सांगता येणार नाही. तुडील गावातल्या त्याच्या घरी मी एकदाच गेलो, तेही तो गेल्यावर. म्हणून आमच्या नाट्यमंडळाच्या चैत्रालीबाई 'त्याच्यावर तुम्हीच लिहा' म्हणाल्या तेव्हा मी महिनाभर टाळलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवून काढलं आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारला. मनाने लिहायची सवय नाही. पण १९९७ सालच्या फेब्रुवारीतले ते आठ दिवस आठवले की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. शिवाय ते सगळं माझ्या एका चुकीने झालं. तेव्हा लिहायलाही मीच हवा.

बुद्धरत्नचं काम कोर्टाच्या दाराशी उभं राहून पुकारा करण्याचं. पक्षकाराचं नाव तो असं घेई की फाटकाबाहेर वडापाव खात उभा असलेला माणूस घास तोंडात धरून धावत येई. उंच, सडपातळ, पांढरा गणवेश कायम इस्त्रीचा. बोलणं कमी. मला तो 'भाऊसाहेब' म्हणे, कारकुनाला सगळेच म्हणतात तसं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

गावात वकील, मास्तर आणि बाजारपेठेतले दोघंतिघं मिळून एक हौशी नाट्यमंडळ चाले. रघुवीर पोतनीस वकील त्याचे प्रमुख, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. दर पाच-सहा वर्षांनी मंडळ एक जुनं, शंभरेक वर्षांपूर्वीचं नाटक करी. त्याचं नाव इतकं लांबलचक होतं की महाडात सगळे त्याला नुसतं 'दरबाराचं नाटक' म्हणत. गोष्ट साधी आहे. एक राजा हुकूम काढतो की राजवाड्याच्या दारातून फक्त पालखीत किंवा घोड्यावर बसून आलेल्यांनाच आत सोडावं, पायी येणाऱ्याला परतवून लावावं. तिसऱ्या अंकात राजा लढाई हरतो आणि फाटक्या कपड्यांत, एकटा, पायी चालत स्वतःच्याच दाराशी येतो. द्वारपाल विचारतो, 'कोण आहे?' राजा म्हणतो, 'तुझा राजा.' द्वारपाल 'महाराज!' म्हणून मुजरा करतो आणि दार उघडतो. चौथ्या अंकात राजा तो हुकूम मागे घेतो आणि पडदा पडतो. त्या हुकूम मागे घेण्याला दर वेळी टाळ्यांचा कडकडाट होई. द्वारपालाचं ते 'महाराज!' तर इतकं ठरलेलं होतं की प्रेक्षकही त्याच्याबरोबर पुटपुटत.

भूमिकाही अशाच ठरलेल्या. राजा पोतनिसांच्या घरातला. प्रधान कोणी तरी वकील. राणी कॉलेजातल्या बाई. आणि द्वारपाल कोर्टाचा पट्टेवाला. का, ते कोणी विचारलं नव्हतं. दाराशी उभं राहायची सवय असलेला माणूस म्हणून असेल.

मी नाटकात काम कधी केलं नाही, माझी ती छाती नाही. मी विंगेत पुस्तक घेऊन बसे आणि कोणी अडलं की हळूच वाक्य पुरवी. त्याशिवाय अक्षर बरं म्हणून नकला मीच करी. नाटकवाल्यांच्या भाषेत नक्कल म्हणजे एका नटाची फक्त स्वतःची वाक्यं, वेगळ्या कागदावर काढलेली. समोरच्याचं वाक्य त्यात नसतं. त्याचे शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे असतात, ते कानावर पडले की आपण बोलायचं. मोठ्या नटांसाठी आधी पुस्तकाचं पूर्ण वाचन होई. छोट्या भूमिकावाल्यांना नुसती नक्कल हातात मिळे आणि तालमीला बोलावणं शेवटच्या आठ दिवसांत.

त्या वर्षी एक अडचण आली. आधीच्या पावसाळ्यात पोतनीस वकिलांच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं आणि त्यांच्या वडिलांच्या वेळचं नाटकाचं पुस्तक भिजून लगदा झालं. माझे सासरे पोलादपूरला मास्तर होते. त्यांच्या ट्रंकेत त्याच नाटकाची प्रत निघाली. वकीलसाहेब खूश झाले. "माझी नक्कल करू नका भाऊसाहेब, माझं वीस वर्षांचं पाठ आहे. बाकीच्यांच्या करा," म्हणाले. मी रोज घरी एका भूमिकेची नक्कल करत गेलो. नक्कल करणारा माणूस मजकूर वाचत नाही, नुसता उतरवतो. वाचत बसलं की चुका होतात. द्वारपालाची साडेतीन पानं झाली तेव्हा मी पानांवर नंबर घातले, टाचणी लावली आणि दुसऱ्या दिवशी बुद्धरत्नच्या हातात ठेवली. आधीचा द्वारपाल हैबती निवृत्त झाला होता, बुद्धरत्नची ही पहिलीच वेळ.

तो तासाभराने माझ्या टेबलापाशी आला.

"भाऊसाहेब, हे सगळं माझंच?"

"तुझंच."

"हैबतीतात्या म्हनाले, आठ वाक्यं हायत नि त्यातली पाच 'जी महाराज'."

"हैबतीला काय आठवतंय आता," मी मान वर न करता म्हणालो. समोर एका वाटणीच्या दाव्याची नक्कल अर्धी पडली होती.

तो "बरं" म्हणून गेला. जाताना त्याने ते कागद सदऱ्याच्या आत, छातीशी धरले होते, तेवढं मला दिसलं.

पुढचे तीन आठवडे हा माणूस बदलला. मधल्या सुट्टीत तो आपण होऊन माझ्याकडे येऊ लागला. त्याच्याकडे फक्त स्वतःची वाक्यं, राजाचे फक्त शेवटचे दोन शब्द. बाकीचा राजा तो अंदाजाने उभा करत होता.

"एसटीडीच्या बूथमधी माणूस फोनवर बोलतो ना, भाऊसाहेब, तसं झालंय. एकाच बाजूचं ऐकायला येतं. पन मी वळखलं राजा काय बोलला ते. सांगू?" आणि तो राजाची वाक्यं सांगे. मी घरी जाऊन पडताळून पाहायला हवी होती. पाहिली नाहीत.

तो सकाळी तुडीलला सावित्रीच्या काठी उभा राहून पाठांतर करी. "पलीकडच्या वाळूवर मगरी पडलेल्या असतात. त्यांना थांब म्हनतो. एक पन हलत नाय," असं सांगून तो मोठ्याने हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्याची आई सुंदराबाई मात्र कंटाळली होती. तिने त्याला म्हटलं होतं, "अरं रत्ना, दार उघड की आता. राजाचं पाय दुखलं असतील नं."

तालमी संध्याकाळी सहानंतर, चवदार तळ्याच्या बाजूला एका शाळेच्या वर्गात होत. द्वारपाल यायचा होता, तोपर्यंत तिसऱ्या अंकात ती जागा आली की वकीलसाहेब हात हलवून म्हणत, "इथे द्वारपाल दार उघडतो. चला, पुढे!" आणि चौथा अंक सुरू होई. मी पुस्तकातली पानं उलटून पुढे जाई. द्वारपाल हजर नाही म्हणून तेवढं सोडलंय, असं मला वाटे.

प्रयोगाला आठ दिवस राहिले त्या शनिवारी बुद्धरत्न आला. गणवेश बदलून, निळा शर्ट घालून. दाराच्या जागी दोन बाकं उभी केली होती. तो त्यांच्या पुढे उभा राहिला. वकीलसाहेब पाय ओढत आले.

"कोण आहे?"

"तुझा राजा."

मुजरा झाला नाही. बुद्धरत्नने उजवा हात आडवा धरला.

"थांब, वाटसरा. पायी येणाऱ्यास या द्वारातून प्रवेश नाही. राजाज्ञा आहे."

वकीलसाहेब थबकले. "तांबे, हे काय? मुजरा कर आणि दार उघड."

"नकलेत हाय, साहेब. अजून साडेतीन पानं हायत."

वर्गात हशा पिकला. वकीलसाहेबांनी कागद मागितले, वरवर पाहिले. "ही भर कुणाची? पुकारा करून करून तुला भाषणं सुचायला लागली काय रे?"

प्रधान झालेला वरद देवस्थळी, नवा वकील, बाकावरून म्हणाला, "साहेब, पुढच्या तारखेला हा निकालसुद्धा देईल."

पुन्हा हशा. बुद्धरत्न माझ्याकडे पाहत होता. अक्षर माझं होतं, हे वकीलसाहेबांच्याही लक्षात यायला हरकत नव्हती, पण ते संतापले होते. मी बोलायला हवं होतं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, ते उघडून दाखवलं असतं तरी पुरे होतं. माझी जीभ उचलली नाही. एवढ्या माणसांसमोर वकीलसाहेबांना सांगायचं की ही भर नाही, माझ्याच हातून गेलंय, हे मला जमलं नाही.

बुद्धरत्नने माझं नाव घेतलं नाही. "मला मिळालं ते मी पाठ केलं, साहेब," एवढंच म्हणाला.

"तर ते आता विसर. आठ वाक्यं पूर्वीची. सोमवारी भाऊसाहेब नवी नक्कल देतील."

मी पोलादपूरला राहत असे; घरी जायच्या गाडीसाठी स्टँडकडे निघालो तर तो मागून आला. बाजारपेठ संपेपर्यंत आम्ही बरोबर चाललो. मग तो थांबला.

"भाऊसाहेब, एक विचारू? ते पुस्तकात हाय ना? का तुम्ही लिवलंत?"

"मी? मला कुठलं सुचतंय असलं."

"मग पुस्तकात हाय!" त्याचा चेहरा असा उजळला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. रागाचा लवलेश नव्हता. "म्हंजे त्यानंच लिवलं, ज्यानं राजा लिवला त्यानं! मग दाखवा की पुस्तक. सोमवारी दाखवा."

"दाखवतो."

"नक्की?"

"नक्की."

घरी येऊन मी ते नाटक पहिल्यांदा वाचलं. चारदा विंगेत बसलो होतो, दोनदा नकला केल्या होत्या, पण वाचलं पहिल्यांदा. माझी पत्नी गोदावरी जेवायला हाका मारत होती आणि मी 'आलो, आलो' म्हणत पानं उलटत होतो. तेव्हा उलगडलं. पोतनिसांच्या जुन्या पुस्तकात त्या पानांवर तांबड्या पेन्सिलीने काट मारलेली असे. वकिलांच्या वडिलांनी ती भूमिका स्वतः करताना मारलेली. आधीच्या नकला मी त्या काटेनुसार केल्या होत्या. सासऱ्यांच्या प्रतीवर काट नव्हती. मी डोळे मिटून उतरवत गेलो आणि चाळीस वर्षं गप्प असलेला द्वारपाल बोलायला लागला.

आणि काय बोलत होता! राजाला दाराबाहेर उभं करून तो विचारतो, 'ही आज्ञा तुझी, की माझी? माझी असती तर मी ती केव्हाच विसरलो असतो.' पहिल्या अंकात परतवून लावलेल्या कुंभारणीची आठवण देतो. म्हणतो, 'वीस पावसाळे मी या द्वाराशी उभा आहे. आत जाणाऱ्याची मी पाठ पाहिली, बाहेर येणाऱ्याचे तोंड पाहिले. पालखीतून उतरणाऱ्याची आणि पायी येणाऱ्याची सावली मोजली. हातभराचाही फरक निघाला नाही.' राजाच्या तोंडी या सगळ्यात दोनच वाक्यं आहेत. बाकी वेळ तो उभा आहे.

सोमवारी तालमीला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. वकीलसाहेब येताच पुस्तक उघडून त्यांच्या पुढे धरलं. "साहेब, चूक माझी आहे. पण भर नाही. मुळातच आहे," एवढी तीन वाक्यं मी कशीबशी बोललो.

त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं. एकदा. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. सगळे सतरंजीवर बसले होते, बुद्धरत्न दाराशी उभा.

"माझे वडील मूर्ख नव्हते," ते शेवटी म्हणाले. "त्यांनी काही विचार करूनच काट मारली असणार. राजा साडेतीन पानं गप्प उभा राहिला तर लोक खोकायला लागतात."

राणी झालेल्या चैत्रालीबाईंनी त्यांच्या हातातून पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं. त्या कॉलेजात मराठी शिकवत, तेव्हा तिशीच्या आतबाहेर. वाचता वाचता त्या उठून उभ्याच राहिल्या.

"काका! अहो, मी दुसऱ्यांदा राणी होतेय आणि चौथ्या अंकात राजा हुकूम का मागे घेतो हे मला कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, मुळातच मोठ्या मनाचा असेल. तसं नाहीच आहे! हा दारात उभा करतो म्हणून घेतो. हुकूम द्वारपालाने मागे घ्यायला लावलाय!"

"तसं अगदीच नाही."

"तसंच आहे. आपण त्याच्या तोंडचं काढून टाकलं आणि टाळ्या राजाला दिल्या."

वर्गात एकदम सगळे बोलू लागले. कोणी म्हणे लांबतं, कोणी म्हणे भाषा जड आहे. वरद म्हणाला, "पण लोक दुसऱ्याच गोष्टीसाठी येतात हो, त्यांना ते 'महाराज!' ऐकायचं असतं." खरं कारण कोणीच बोलत नव्हतं. सगळ्या महाडासमोर पोतनीस वकिलांनी साडेतीन पानं दाराबाहेर उभं राहायचं आणि कोर्टाच्या पट्टेवाल्याने त्यांना जाब विचारायचा.

वकीलसाहेबांनी हात वर केला. "तोडगा काढू. तांबे, एक पान ठेव. चांगली चांगली वाक्यं निवडू."

बुद्धरत्न दोन पावलं आत आला. "साहेब, एक पान नको. जुनी आठ वाक्यं द्या, ती म्हनतो, मुजरा करतो, माझी काय तक्रार नाय. पन अडवायचं तर सगळं अडवायचं. अर्धवट अडवलेला राजा तसाच आत जातो."

"आणि साडेतीन पानं मी तिथे करायचं काय?"

"उभं राहायचं, साहेब. एवढं कठीन नाय ते. मी रोज राहतो."

कोणी हसलं नाही. वकीलसाहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता संपलं. ते उठले, खुर्ची बाजूला केली आणि बाकांच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"म्हण. एकदा सगळं म्हण. मग ठरवू."

बुद्धरत्न म्हणू लागला. कोर्टातला 'हाय-नाय' कुठे गेला कळलं नाही. ते जुनं, जड मराठी त्याच्या तोंडी पाण्यासारखं चाललं होतं. आवाज चढवला नाही. ज्याच्या आवाजाने माणसं घास तोंडात धरून धावत, तो हळू बोलत होता आणि आम्ही पुढे वाकून ऐकत होतो. कुंभारणीचं आलं तेव्हा चैत्रालीबाईंनी तोंडावर पदर धरला. सावल्यांचं आलं. मग राजाचं वाक्य यायला हवं होतं, आणि वकीलसाहेब बोलेनात. त्यांचं ते पाठच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं तर मी पहिल्याच पानावर होतो. ऐकताना पान उलटायचं विसरलो होतो. सव्वीस वर्षांच्या प्रॉम्प्टिंगमध्ये तसं कधी झालं नव्हतं.

वकीलसाहेब हसले, पण वेगळंच. "वीस वर्षं हा खटला मी अर्ध्या कागदांवर चालवला की रे," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, "भाऊसाहेब, माझी ती दोन वाक्यं लिहून द्या. तांबे, उद्यापासून रोज तालमीला. पहिल्या अंकापासून यायचं. आणि दाराशी काय उभा आहेस, बस की इथे."

तो सतरंजीवर बसला, अगदी कडेला, पण बसला. वरदने सरकून जागा केली.

प्रयोग रविवारी, दुपारी चारला, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. तुडीलची माणसं टेम्पो करून आली होती, ती मागे बसली. पुढच्या रांगांत बाजारपेठ. मी विंगेत पुस्तक घट्ट धरून बसलो होतो. मला घाम फुटला होता आणि बुद्धरत्न, भाला हातात धरून, शांतपणे मला विचारत होता, "भाऊसाहेब, पानी आनू का तुमाला?"

तिसरा अंक आला. राजा फाटक्या अंगरख्यात दाराशी आला.

'कोण आहे?'

'तुझा राजा.'

आणि अर्ध्या मांडवाने सवयीने पुटपुटलं, 'महाराज!'

रंगमंचावर कोणी ते म्हटलं नाही. बुद्धरत्नचा हात आडवा झाला. मांडवात अशी शांतता झाली की मागच्या रस्त्यावरून चाललेल्या सायकलची घंटी ऐकू आली. पुढच्या रांगेतले एक म्हातारे दुकानदार शेजाऱ्याला म्हणाले, "विसरला वाटतं."

मागून सुंदराबाईंचा आवाज आला, "इसरला नाय ओ! थांबा जरा!"

मांडव हसला, आणि हसता हसता गप्प झाला, कारण बुद्धरत्नने बोलायला सुरुवात केली होती. दुसऱ्या पानावर माझ्या लक्षात आलं की वकीलसाहेबांची मिशी सुटतेय. घामाने डिंक सैल झाला होता. डाव्या बाजूने ती लोंबायला लागली. हात लावला असता तर बसली असती. त्यांनी हात वर केला नाही. हरलेला राजा मिशी सावरत नाही, हे त्यांना त्या क्षणी सुचलं असावं, किंवा ते खरोखरच ऐकत होते. मिशी लोंबत होती आणि कोणी हसत नव्हतं. एकही माणूस खोकला नाही.

शेवटी द्वारपाल म्हणतो, 'द्वार उघडतो. आज्ञा मोडली ती मी. दंड मला करा. आत या महाराज, पण पायी आलात हे विसरू नका.' त्याने दार उघडलं आणि मागून एक शिट्टी आली. मग टाळ्या मागून सुरू होऊन पुढे आल्या. पुढची बाजारपेठ क्षणभर घुटमळली आणि मग तीही वाजवू लागली. ते म्हातारे दुकानदार तर उभे राहून वाजवत होते. मी पुस्तक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. विंगेतल्या माणसाने तसं करायचं नसतं.

चौथ्या अंकात राजाने हुकूम मागे घेतला तेव्हा लोक राजाकडे बघत नव्हते. कोपऱ्यात भाला घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होते.

रंगपटात तोंड पुसताना वकीलसाहेब म्हणाले, "तांबे, मिशी पडत होती, तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं, साहेब."

"मग जरा आवरतं घ्यायचंस."

"साडेतीन पानं हायत, साहेब. मिशीपायी एक वाक्य सोडू काय?"

सगळ्यांत मोठ्याने वकीलसाहेबच हसले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो कोर्टाच्या दाराशी पुन्हा उभा होता. गणवेश इस्त्रीचा, पुकारा तसाच. वकीलसाहेब दारातून आत गेले तेव्हा त्याने पूर्वीसारखाच नमस्कार केला. मोठंसं काही बदललं, असं मी म्हणणार नाही. एक मात्र बदललं, आणि ते त्याच्या हट्टामुळे. पुढच्या नाटकाच्या वेळी मी नकला करायला बसलो तर तो म्हणाला, "मला नक्कल नको. पुस्तक द्या. आनि भालदार-चोपदारांना पन द्या. आपन कुठं उभे हाय ते कळाय नको काय मानसाला?" चैत्रालीबाईंनी लगेच उचलून धरलं. तेव्हापासून मंडळात एक वाक्य असलेल्यालाही पूर्ण नाटकाची झेरॉक्स मिळते. नक्कल बंद झाली. माझं ते काम गेलं, पण मला वाईट वाटलं नाही.

मी नव्व्याण्णवला निवृत्त झालो. दोन हजार एकमध्ये त्याची माणगावला बदली झाली, तरी तालमीला तो बसने येई. २००३ साली दरबाराचं नाटक पुन्हा बसवायचं ठरलं. पोतनीस वकील थकले होते, राजा वरद होणार होता, आणि द्वारपाल कोण हे विचारावंही लागलं नाही. तालमी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तो माणगावला कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. मला दोन दिवसांनी कळलं.

त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही महाडच्या कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात भेटलो होतो. मंडळासाठी चौदा प्रती काढायच्या होत्या. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. बुद्धरत्नने सासऱ्यांचं ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि काउंटरवर ठेवलं.

"दोन्ही बाजूंनी काढाय सांगू, भाऊसाहेब?"

"नको. एकाच बाजूने काढायला सांग. मागे खुणा करायला जागा राहते."

"बरं. तुम्ही बसा तोवर, वेळ लागंल."

"बसतो."